जीआयएफचं चित्र स्वच्छ कसं ठेवायचं : चित्रणापासून शेवटच्या फाइलपर्यंत

समईच्या ज्योतीचा चार सेकंदांचा व्हिडिओ फोनवर बघताना सुरेख दिसतो. ज्योतीभोवतीचा उजेड भिंतीवर हळूहळू विरत जातो, पितळेवर चमक खेळते. त्याचीच जीआयएफ केली की भिंतीवर एकात एक कड्या उमटतात, अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे वळवळायला लागतात आणि खाली लिहिलेल्या ‘शुभ दीपावली’च्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. त्यात फाइलही अवाढव्य होते.

‘जीआयएफ म्हटलं की असंच होणार’ असं म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. मला ते अजिबात पटत नाही. फॉरमॅट जुना आहे, त्याच्या मर्यादा पक्क्या आहेत, पण त्या नीट माहीत असल्या तर त्यांच्या आत राहून फार चांगलं चित्र काढता येतं. बहुतेक बिघाड एक्सपोर्टचं बटण दाबण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. कसं चित्रण केलं, किती लांबीचं घेतलं, कोणत्या आकारात आणलं, किती रंगांची गर्दी केली, यांतच निम्म्याहून जास्त निकाल लागलेला असतो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरण समईचंच ठेवलं आहे, कारण जीआयएफला जड जाणारं सगळं त्यात आहे : अंधार, विरत जाणारा उजेड, थरथरती ज्योत आणि बारीक देवनागरी अक्षरं.

फॉरमॅटच्या चार मर्यादा

कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या टीमने १९८७ मध्ये जीआयएफ तयार केली. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक फ्रेम (हलत्या चित्रातलं एकेक स्थिर चित्र) किती वेळ दिसावी हे सांगायची सोय आली आणि पारदर्शक रंगही आला. चित्र पुन्हापुन्हा फिरवत ठेवण्याची सोय पुढे नेटस्केप ब्राउझरने जोडली. आतली रचना तेव्हापासून तीच आहे.

पहिली मर्यादा रंगांची. एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. साध्या फोटोला १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंगांतून निवड करता येते, इथे फक्त २५६. पण हे २५६ कोणते, ते आपण ठरवू शकतो. या यादीला पॅलेट म्हणतात. सगळ्या फ्रेमना मिळून एकच पॅलेट ठेवता येतं किंवा प्रत्येक फ्रेमला स्वतःचं वेगळं देता येतं.

दुसरी मर्यादा पारदर्शकतेची. पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक असतो नाहीतर पूर्ण अपारदर्शक, मधलं काही नाही. तिसरी वेळेची : फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, त्याहून बारीक माप नाही. चौथी गोष्ट दाबण्याच्या पद्धतीची. जीआयएफ एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीने दाबली जाते. ती पिक्सेल ओळीने डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि आधी येऊन गेलेले नमुने पुन्हा आले की तिथे जागा वाचवते. सपाट रंग आणि परत परत येणारे नमुने तिला मानवतात, कॅमेऱ्याचे दाणे, म्हणजे नॉइज, मुळीच मानवत नाहीत. दर फ्रेमला दाणा नव्या ठिकाणी उमटतो, म्हणजे वाचवण्याजोगं काही उरतच नाही.

थोडक्यात, रंगांचा शिधा तुटपुंजा आहे आणि तो कुठे खर्च करायचा हे आपल्या हातात आहे. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने बघा.

चित्रण : इथे घेतलेली काळजी पुढे दहा ठिकाणी कामी येते

फोन हातात धरून चित्रण करू नका. स्टँडवर लावा, नाहीतर पुस्तकांच्या चळतीला टेकवा. कॅमेरा हलला की स्थिर भिंतसुद्धा दर फ्रेमला सरकते, आणि मग जीआयएफला प्रत्येक फ्रेममध्ये अख्खी भिंत नव्याने साठवावी लागते. कॅमेरा स्थिर असेल तर फक्त ज्योतीच्या आसपासचा चौकोन बदलतो. बाकीचे पिक्सेल मागच्या फ्रेममधले तसेच राहू शकतात.

स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा. बहुतेक फोनमध्ये ही सोय असते. नाहीतर ज्योत जरा मोठी झाली की फोन सगळं चित्र किंचित काळवंडवतो, जरा लहान झाली की उजळवतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण भिंतीचा रंग दर फ्रेमला बदलत राहतो. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा निळसर-पिवळट तोल) ऑटोवर ठेवू नका.

खोलीतली ट्यूब किंवा एलईडी दिवा चालू असेल तर आणखी एक त्रास होतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि त्याचा शटर या लयीशी जुळत नाही, म्हणून भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग हाताने ठरवता येतात तिथे, शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर दिवे सरळ बंद करा. समईसाठी दिवे बंदच बरे.

एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराच्या जास्त छटा टिपणारा) बंद ठेवा. जीआयएफमध्ये एचडीआरला जागा नाही. रूपांतर नीट झालं नाही तर सगळे रंग धुऊन निघाल्यासारखे फिके पडतात आणि मग लोक पॅलेटला दोष देत बसतात.

व्हिडिओ दुसऱ्या कुणी काढलेला असेल तर मूळ फाइल मागवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला व्हिडिओ आधीच भरपूर दाबला गेलेला असतो, अंधाऱ्या भागात त्याचे चौकोनी ठोकळे दिसतात. हे ठोकळे जीआयएफमध्ये गेल्यावर आणखी उठून दिसतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, एवढ्याने मोठा फरक पडतो.

लांबी आणि वेग

दोन ते चार सेकंद पुरतात. ज्योतीसारखी लयीत हलणारी वस्तू असेल तर सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम जवळजवळ सारखी येईल अशी जागा शोधा. व्हिडिओ एडिटरमध्ये फ्रेम-फ्रेमने पुढेमागे करत ज्योतीचा आकार आणि कल जुळतो का ते पाहा. सांधा सापडत नसेल तर क्लिप सुलट आणि मग उलट चालवायचा पर्याय असतोच, आणि ज्योतीत तो ओळखूही येत नाही. धूर किंवा पडतं पाणी असेल तर मात्र लगेच खटकतं. शेवटची फ्रेम पहिलीत विरघळवून सांधा झाकणं मी टाळतो, कारण त्या विरघळण्यात कितीतरी मधले रंग नव्याने तयार होतात आणि पॅलेटवर ताण येतो.

आता वेग. वेळ शंभराव्या भागात मोजतात म्हणून प्रत्येक वेग जीआयएफला बरोबर जमत नाही. दर फ्रेमला १० शतांश सेकंद म्हणजे सेकंदाला १० फ्रेम, ८ म्हणजे १२.५, ५ म्हणजे २०, ४ म्हणजे २५. हे वेग बिनचूक बसतात. सेकंदाला १५ फ्रेम हव्या असतील तर दर फ्रेमला ६.६७ शतांश लागतील, ते तर लिहिताच येत नाहीत. मग सॉफ्टवेअर कधी ६ तर कधी ७ घालतं आणि चाल किंचित अडखळते. म्हणून ३० फ्रेमच्या व्हिडिओतून दर तिसरी फ्रेम घेऊन १० चा वेग ठेवा. फोनमध्ये २५ फ्रेमने चित्रण करता येत असेल तर दर दुसरी घेऊन १२.५ मिळतो, आणि ज्योतीला तो छान शोभतो.

शून्य किंवा १ शतांश कधीच देऊ नका. आजचे ब्राउझर इतका कमी वेळ दिसला की तो दुर्लक्षून १० शतांश धरतात. म्हणजे सर्वांत वेगवान करायला गेलेली जीआयएफ सर्वांत मंद चालते.

आकार : आधी कापा, मग लहान करा

फ्रेममध्ये जे नको ते आधी कापून टाका. समईच्या उजवीकडे रंगीत पडदा दिसत असेल तर तो पॅलेटमधले वीस-पंचवीस रंग खाणार, आणि पडदा बघायला कुणीच आलेलं नाही.

मग लहान करा. १९२० बाय १०८० ची फ्रेम ४८० बाय २७० केली की जुन्या १६ पिक्सेलचा मिळून एक नवा पिक्सेल होतो. या सरासरीत कॅमेऱ्याचे दाणे सुमारे चौपटीने कमी होतात. हा फुकटचा फायदा आहे. म्हणूनच मोठं चित्रण करून लहान जीआयएफ करावी. लहान करताना लँक्झोस किंवा बायक्यूबिक ही पद्धत निवडा. ‘निअरेस्ट नेबर’ फक्त पिक्सेल आर्टसाठी ठेवा, फोटोत ती पायऱ्या पाडते.

हिशेब करून बघा. ४८० बाय २७० च्या फ्रेममध्ये १,२९,६०० पिक्सेल असतात. चार सेकंद, १२.५ चा वेग, म्हणजे ५० फ्रेम, एकूण ६४ लाख ८० हजार पिक्सेल. तीच जीआयएफ ६४० बाय ३६० आणि २५ च्या वेगाने केली तर पिक्सेल २ कोटी ३० लाखांवर जातात, साडेतीन पटींहून जास्त. एवढी मोठी फाइल नंतर ठोकून ठोकून लहान केली की तिची प्रत (क्वालिटी) जाते, आणि तिच्यापेक्षा सुरुवातीलाच नेमका आकार धरलेली जीआयएफ कितीतरी देखणी असते.

अंधाऱ्या चित्रणात दाणे फार असतील तर लहान करण्याआधी दाणे काढणारा फिल्टर हलक्या हाताने लावा. एकामागच्या एका फ्रेमची तुलना करून दाणे काढणारा फिल्टर इथे उत्तम. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या मोफत साधनात ‘एचक्यूडीएन३डी’ हा त्याच जातीचा आहे. धार लावायची असेल तर लहान केल्यानंतर, आणि अगदी किंचित.

रंग कमी करायचे ते आपल्या मर्जीने

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. पॅलेट तयार करायच्या आधी, व्हिडिओ पूर्ण रंगात असतानाच, रंगांची गर्दी कमी करा.

समईच्या चित्रात पिवळा, केशरी, तपकिरी आणि काळा एवढाच खरा परिवार आहे. भिंतीच्या कोपऱ्यात निळसर झाक असेल तर तिचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवा. मग कर्व्ह्‌ज (उजेड-अंधार कमीजास्त करायचं साधन) उघडा आणि सर्वांत गडद भाग खाली ओढून पूर्ण काळा करा. अंधाराच्या जवळजवळ-काळ्या तीस-चाळीस छटा एका काळ्यात विलीन होतात आणि वाचलेले रंग ज्योतीभोवतीच्या उजेडाला मिळतात. दाणे वळवळायचे ते याच जवळजवळ-काळ्या भागात, तेही यात निघून जातात. मात्र काळ्याकडे जाणारा उतार अलगद ठेवा. तो तुटक झाला तर उजेडाच्या कडेला कड उमटेल.

पॅलेट

मोठ्या रंगसंख्येतून थोडे रंग कसे निवडायचे यावर पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘मीडियन कट’ ही पद्धत आजही अनेक सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. चित्रातले सगळे रंग एका त्रिमिती पेटीत मांडायचे, ती पेटी मधोमध अशी कापायची की दोन्ही बाजूंना सारखेच पिक्सेल यावेत, आणि असं कापत कापत २५६ खण करायचे. जिथे पिक्सेल जास्त, तिथे रंग जास्त. यात एक मेख आहे. समईच्या चित्रात भिंतीचे पिक्सेल भरपूर आणि ज्योतीचे मूठभर, त्यामुळे ज्योतीच्या गाभ्यातला पांढरट पिवळा रंग यादीतून गळू शकतो. म्हणून आपोआप निघालेलं पॅलेट नेहमी उघडून बघा.

एफएफएमपेगने सरळ व्हिडिओची जीआयएफ केली तर तो एक ठरावीक पॅलेट वापरतो : लाल आणि हिरव्याच्या आठ-आठ पायऱ्या, निळ्याच्या चार. समईत निळा जवळजवळ नाहीच, म्हणजे यादीतले कितीतरी रंग वाया. नेटवर दिसणाऱ्या अनेक भयाण जीआयएफ अशाच जन्मतात. उपाय दोन टप्प्यांचा आहे. आधी ‘पॅलेटजेन’ हा फिल्टर लावून त्या व्हिडिओपुरतं पॅलेट काढायचं, मग ‘पॅलेटयूज’ लावून ते वापरायचं. पॅलेटजेनमधला ‘स्टॅट्स मोड’ समजून घ्या. ‘फुल’ सगळ्या चित्राकडे बघतो. ‘डिफ’ हलणाऱ्या भागाला झुकतं माप देतो. स्थिर पार्श्वभूमीपुढे माणूस बोलतो आहे, तर डिफ घ्या. समईला फुल घ्या, कारण इथे ज्योत हलत असली तरी डोळ्यांना खुपतात त्या स्थिर भिंतीवरच्या कड्या. ‘सिंगल’ दर फ्रेमला वेगळं पॅलेट करतो. त्यासोबत पॅलेटयूजमध्ये ‘न्यू’ चालू करावा लागतो. रंग वाढतात, पण फाइल फुगते आणि स्थिर भाग लुकलुकू शकतो.

कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर गिफस्की वापरा. कॉर्नेल लेसिन्स्की यांचं हे मोफत साधन आहे आणि फोटोसारख्या चित्रांसाठी माझी पहिली पसंती त्यालाच आहे. ते दर फ्रेमला वेगळं पॅलेट देतं आणि मागच्या फ्रेममधले चांगले जमलेले पिक्सेल तसेच राहू देतं. त्यामुळे पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या चित्रात २५६ पेक्षा कितीतरी जास्त, अगदी हजारो रंग असू शकतात. प्रत ९० वर ठेवून सुरुवात करा आणि फाइल जड वाटली तर आधी रुंदी कमी करा, प्रत नंतर.

फोटोशॉपमध्ये ‘फाइल’, ‘एक्सपोर्ट’, ‘सेव्ह फॉर वेब (लेगसी)’ इथे जा. रंग २५६ ठेवा. एकाच रंगपरिवारातल्या चित्राला ‘ॲडॅप्टिव्ह’ चांगलं बसतं, मिश्र रंगांना ‘सिलेक्टिव्ह’. ‘कन्व्हर्ट टू एसआरजीबी’वर खूण हवी. उजवीकडच्या रंगांच्या तक्त्यात अक्षरांचा रंग आणि ज्योतीचा गाभा निवडून लॉक करा. मग पुढे रंग १२८ पर्यंत उतरवले तरी हे दोन हलत नाहीत. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज’, ‘मोड’, ‘इंडेक्स्ड’ इथे ‘ऑप्टिमम पॅलेट’ निवडा. एक्सपोर्ट करताना ‘ॲज ॲनिमेशन’वर खूण करायला विसरू नका, नाहीतर एकच स्थिर चित्र हाती येतं.

डिदरिंग : ठिपक्यांची निवड

यादीत नसलेला रंग भासवण्यासाठी यादीतल्या दोन रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवतात, त्याला डिदरिंग म्हणतात. ठिपक्यांच्या रांगोळीत दुरून रंग मिसळलेला दिसतो, तोच हा प्रकार. भिंतीवरच्या कड्या यानेच मोडतात. पण ठिपके कसे मांडायचे यात मोठा फरक आहे.

फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही १९७६ ची पद्धत प्रत्येक पिक्सेलची रंगातली चूक शेजाऱ्यांना वाटून देते : उजवीकडे सात सोळांश, खालच्या ओळीत तीन, पाच आणि एक सोळांश. स्थिर चित्रात ती फार सुंदर दिसते. हलत्या चित्रात मात्र एक पिक्सेल जरा बदलला की त्याची चूक उजवीकडे आणि खाली पसरत जाते. ज्योत हलली म्हणून खालच्या भिंतीवरचे ठिपके जागा बदलतात. कोपऱ्यात दाणे वळवळतात त्याचं दुसरं कारण हे. पॅलेटयूजमध्ये ‘डिफ मोड’ला ‘रेक्टँगल’ दिलं तर बदल हलणाऱ्या चौकोनापुरता मर्यादित राहतो.

बायर पद्धतीत ठिपक्यांचा साचा ठरलेला असतो आणि तो जागचा हलत नाही. जवळून पाहिलं तर जाळी दिसते, पण ती स्थिर असते. परत परत येणारा नमुना एलझेडडब्ल्यूला सोपा जातो म्हणून फाइलही लहान होते. ‘बायर स्केल’ शून्य ते पाच असतो : आकडा लहान तर जाळी ठळक आणि कड्या कमी, आकडा मोठा तर जाळी फिकी पण कड्या जास्त. समईसाठी २ किंवा ३ वर दोन्ही करून शेजारी लावून बघा. माझा कौल हलत्या चित्रात बायरलाच आहे. स्थिर जाळी डोळा काही क्षणांत विसरतो, वळवळ विसरत नाही.

कार्टून, लोगो, तक्ते यांना डिदरिंग बंद ठेवा. सपाट रंगावर ठिपके म्हणजे निव्वळ घाण.

देवनागरी अक्षरं

इंग्रजी अक्षरं ज्या मापात चालून जातात तिथे आपली अक्षरं मरतात. शिरोरेषा, वेलांट्या, अनुस्वार, जोडाक्षरांतली बारीक वळणं, सगळं थोड्या पिक्सेलमध्ये बसवायचं असतं. ‘दीपावली’तल्या दोन दीर्घ वेलांट्या शिरोरेषेच्या वर निघतात आणि माप लहान असलं की ‘दी’ आहे की ‘दि’ हेच कळत नाही.

अक्षरं मोठ्या व्हिडिओवर लिहून मग सगळं लहान करू नका. आधी व्हिडिओ ४८० वर आणा, मग त्याच मापात अक्षरं बसवा. फोटोशॉपमध्ये अक्षरांचा लेयर सगळ्या फ्रेमच्या वर ठेवा. मजकुरासाठी ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलेला आहे ना ते बघा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. एफएफएमपेग किंवा गिफस्की वापरणार असाल तर अक्षरांची ४८० बाय २७० ची पारदर्शक पीएनजी करा आणि पॅलेट काढण्याच्या आधी ती व्हिडिओवर चढवा. तसं केलं तरच अक्षरांच्या रंगाला पॅलेटमध्ये जागा मिळते.

टंक (फॉन्ट) ठसठशीत घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू, किंवा नोटो सान्स देवनागरी, हे मोफत आहेत आणि त्यांचं जाड वजन लहान मापात टिकतं. शिरोरेषा किमान दोन पिक्सेल जाडीची भरेल एवढं माप ठेवा. बारीक-जाड फेर असलेले सुलेखनी टंक इथे टाळा. अक्षरांना धूसर सावली, चमक, सोनेरी उतार यांपैकी काही देऊ नका. प्रत्येक उतार रंग खातो आणि शेवटी ठिपक्यांनी भरतो. एकच सपाट रंग, मागे एकच गडद पट्टा, एवढ्यात ‘शुभ दीपावली’ लखलखीत वाचता येते. अक्षरं हलवू, उडवूही नका. स्थिर अक्षरं एकदाच साठवली जातात.

स्क्रीन रेकॉर्डिंगचं शास्त्र वेगळं

ऑनलाइन अर्ज कसा भरायचा, एखादा पर्याय कुठे आहे, हे दाखवणाऱ्या जीआयएफ कार्यालयांत आणि शाळांत खूप उपयोगी पडतात. त्यांना वरचे अर्धे नियम लागू नाहीत. इथे रेकॉर्डिंग लहान करू नका, खिडकीच लहान करा : ब्राउझर ६४० रुंदीचा करा आणि तेवढंच रेकॉर्ड करा, म्हणजे अक्षरं पिक्सेलला पिक्सेल राहतात. विंडोजवर क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय) तात्पुरतं बंद करा. क्लिअरटाइपमुळे काळ्या अक्षरांच्या कडांना लाल-निळ्या झाका येतात आणि विनाकारण रंग वाढतात. डिदरिंग बंद, रंग ६४ किंवा १२८, वेग १०. विंडोजसाठी स्क्रीनटूजिफ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी अगदी सोयीचं आहे. त्यात फ्रेम एक-एक करून काढता येतात आणि महत्त्वाच्या फ्रेमचा वेळ वाढवता येतो. क्लिक झाल्यावरची फ्रेम दोन सेकंद थांबवा, वाचणाऱ्याला श्वास घेता येतो.

पारदर्शक पार्श्वभूमी

अर्धपारदर्शक पिक्सेल नसल्यामुळे कापलेल्या चित्राच्या कडेला पांढरी किनार राहते. फोटोशॉपच्या ‘सेव्ह फॉर वेब’मधल्या ‘मॅट’ या पर्यायात जीआयएफ ज्या रंगावर दिसणार आहे तो रंग द्या, कड त्यात मिसळते. पण पांढऱ्यासाठी केलेली जीआयएफ डार्क मोडमध्ये उघडली की किनार पुन्हा दिसते. दोन्हीकडे चालायला हवी असेल तर चित्राला स्वतःची जाड काळी किंवा पांढरी बाह्यरेषाच काढा.

शेवटचं दाबणं

एडी कोलर यांचं गिफसिकल हे साधन इथे वापरा. त्याची ‘ओ३’ पातळी चित्राला हात न लावता फाइल लहान करते, ती नेहमी लावावी. ‘लॉसी’ पर्याय मात्र पिक्सेल बदलून नमुने जुळवतो, आणि एलझेडडब्ल्यू ओळीने वाचत असल्यामुळे नुकसान आडव्या रेघोट्यांच्या रूपात दिसतं. ३० पासून सुरुवात करा. समईच्या भिंतीसारखा उतार असेल तर तिथेच थांबा. गजबजलेल्या चित्रात ८० पर्यंत चालून जातं. दाबणं एकदाच करा. दाबलेली जीआयएफ परत उघडून परत दाबली की प्रत प्रत्येक फेरीत घसरते. म्हणून मूळ फ्रेम पीएनजी स्वरूपात जपून ठेवा आणि बदल हवा असेल तेव्हा तिथूनच नव्याने जीआयएफ करा.

तपासताना ब्राउझरमध्ये १०० टक्क्यांवर बघा, मग फोनवर बघा, उजेड कमी करून आणि वाढवूनही. अंधाऱ्या भागातल्या कड्या फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला की लगेच उघड्या पडतात.

हातात फक्त खराब जीआयएफच असेल तर

गेलेले रंग परत येत नाहीत, त्यामुळे आधी मूळ व्हिडिओ शोधा. तो नाहीच मिळाला तर काही गोष्टी करता येतात. सर्वांत आधी फ्रेम पूर्ण करून घ्या. दाबलेल्या जीआयएफमध्ये बऱ्याच फ्रेम म्हणजे फक्त बदललेले तुकडे असतात. गिफसिकलचं ‘अनऑप्टिमाइझ’ किंवा इमेजमॅजिकचं ‘कोअलेस’ प्रत्येक फ्रेम अख्खी करून देतं. हे न करता आकार बदलला की तुकडे जागेवरून सरकतात आणि कडांवर भुतं दिसतात.

मग फ्रेम आरजीबीमध्ये, म्हणजे पूर्ण रंगांत, आणा. फोटोसारखी, ठिपके भरलेली जीआयएफ असेल तर ती आकाराने निम्मी करून बघा. चार ठिपक्यांचा एक पिक्सेल होताना मधला रंग खरोखर तयार होतो आणि दाणे विरतात. लहान, पण स्वच्छ चित्र मिळतं. त्यावरून नवं पॅलेट काढा. पिक्सेल आर्ट असेल तर उलट मोठी करा, निअरेस्ट नेबरने, नेमकी दुप्पट किंवा तिप्पट. दीडपट केली की काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात. एआयने मोठं करणारी साधनं ठिपक्यांनाच पोत समजून तेच ठळक करतात आणि दर फ्रेमला वेगळं काहीतरी रंगवतात. वापरायचीच असतील तर ठिपके आधी मऊ करून घ्या.

जिथे जीआयएफ लागतच नाही

दिवाळीची शुभेच्छा व्हॉट्सॲपवरच जाणार असेल तर एवढा खटाटोप करू नका. ॲप जीआयएफचा व्हिडिओच करून पाठवतं. २५६ रंगांत उतरवलेलं चित्र परत व्हिडिओत दाबलं जातं आणि दोन्हीकडचं नुकसान पदरी पडतं. मूळ एमपी४ निवडा, काही सेकंदांपुरती कापा आणि पाठवण्याआधी दिसणारा जीआयएफ पर्याय दाबा. ॲनिमेटेड स्टिकर करायचा असेल तर ५१२ बाय ५१२ ची, ५०० केबीच्या आतली वेबपी फाइल लागते. तिच्यात पूर्ण रंग आणि खरी अर्धपारदर्शकता दोन्ही मिळतात. स्वतःच्या वेबसाइटवर आवाजाविना आपोआप फिरणारा एमपी४ टाका, फाइल जीआयएफच्या तुलनेत फारच लहान होते.

ईमेलमध्ये मात्र अजूनही जीआयएफच चालते, आणि तिथे एक काळजी घ्यावी लागते. विंडोजवरच्या आउटलुकच्या काही जुन्या आवृत्त्या जीआयएफची फक्त पहिली फ्रेम दाखवतात. तेव्हा ज्योत उजळत जाऊन शेवटी अक्षरं येतील अशी रचना करू नका. पहिल्याच फ्रेममध्ये समई पेटलेली आणि ‘शुभ दीपावली’ पूर्ण लिहिलेलं असू द्या.